मूळ गाव विचारणारा कॅमेरा

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी टिकेकरवाडी मागे टाकते आणि होटगीला येते. मुंबई–चेन्नई लोहमार्गाला इथं विजयपूर, बागलकोट, गदगकडे जाणारा फाटा फुटतो, त्यामुळे गाव न पाहिलेल्यांनाही होटगी जंक्शन ठाऊक असतं. गावात वीरशैवांचा बृहन्मठ आहे, तलाव आहे, सिमेंटचा कारखाना आहे. जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला आहे. या पट्ट्यात घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात जी चालेल ती, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरू आहे. १९६७ साली महाजन आयोगानं अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली बरीच गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्रानं तो अहवालच नाकारला. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा लेख सापडला. तो आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. कानडी बोलणाऱ्या गावांच्या मधोमध मराठीचा हा एवढा जुना पुरावा! इथं मूळचा कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवायला बसणाऱ्यानं जरा बेतानंच बसावं.

स्थलांतरित कुटुंबाची ओळख कॅमेऱ्यानं कशी टिपली आहे, हा या लेखाचा विषय. जगात याबाबतीत सध्या फिलिपिन्सच्या स्वतंत्र चित्रपटकर्त्यांचं नाव आधी घेतलं जातं, आणि त्याला कारण आहे. १९७४च्या कामगार संहितेपासून परदेशी माणसं पाठवणं हे त्या देशाचं अधिकृत धोरणच झालं. आज सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर असल्याचं मानलं जातं. एवढी घरं दोन देशांत वाटली गेली की त्यांतल्या एखाद्या मुलाच्या हातात कॅमेरा येतोच. आपल्याकडची स्थलांतरं काही त्याहून लहान नाहीत. मग आपल्याकडे काय झालं, कुणी केलं, किती जमलं आणि काय राहून गेलं, हे होटगीसारख्या ठिकाणी उभं राहून पाहण्यात एक सोय आहे. इथून तेलंगण, कर्नाटक आणि मराठी मुलूख तिन्ही हाताच्या अंतरावर आहेत.

आधी सोलापूरचं घर पाहू, कारण कच्चा माल तिथं आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि शहराचा नूर पालटला. त्याच्या आगेमागे निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकर कुटुंबं येत राहिली. आधी हातमाग, मग यंत्रमाग, मग टॉवेल; ‘सोलापुरी चादर’ या नावानं जी वस्तू भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहे, तिच्यामागे या घरांचे हात आहेत. पुरुष मागावर आणि बायका घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला, ही शहराच्या पूर्व भागातली शंभरेक वर्षांची घडी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्यावर तेलुगू आणि मराठी सारख्याच मोठ्या आवाजात चालतात. या समाजानं शहराला आमदार-खासदार दिले, शाळा काढल्या, संस्था उभ्या केल्या. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत ही दहा हजार घरांची. २००६ साली ती लोकांच्या हाती आली, आणि ती उभी करणारे नरसय्या आडमही याच तेलुगू सोलापूरचे. १९३१च्या जानेवारीत फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं सोलापूरकराला पाठ असतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांच्या घरची पूर्वपीठिका चार तऱ्हांची. शहरानं चौघांना एका दमात आपलं म्हटलं.

इतकं सगळं असूनही कागदाचा प्रश्न सुटत नाही. जातीचा दाखला काढायचा तर अर्जदाराचं घराणं ठरावीक तारखेआधी महाराष्ट्रात राहत होतं, हे सिद्ध करावं लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग आजोबांच्या शाळेचा दाखला शोधा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर मिलच्या नोंदी शोधा. मिल तर कधीचीच बंद. पूर्व भागातल्या कुठल्याही घरात लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात सोन्याच्या आधी ही फाइल असते. आपलं असणं म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या अशी तारखेला टांगलेली आहे. ती फक्त मागचं विचारते. आज या घरात कोण कुठल्या भाषेत भांडतं, कुणाचं लग्न कुठं ठरतं, मेलेल्याला कुठं नेतात, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

कॅमेऱ्यानं मात्र हे विचारायला हवं होतं. त्यानंही बहुतेक वेळा मूळ गावच विचारलं, ही माझी या साऱ्या प्रकाराबद्दलची मुख्य तक्रार आहे.

सुरुवात सोलापुरातूनच करता येते, फक्त उलट्या दिशेनं. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथंच १९४१ साली ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात गेले. मुलाचं नाव त्यांनी यिनहुआ ठेवलं होतं. त्यात भारत आणि चीन दोन्ही देशांच्या चिनी नावांची अक्षरं आहेत. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, स्वतः कोटणीस झाले आणि चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्रीबाई उभ्या राहिल्या. चित्रपट भव्य आहे, हेतू चोख आहे. पण तो वीरकथा आहे. नवऱ्याच्या देशाशी दुरून नातं असलेली एक बाई आणि दोन देशांचं नाव घेऊन वाढणारं पोर, हे खरं तर स्थलांतरित कुटुंब. त्याच्याकडे वळायला वीरकथेला फुरसत नसते. तो मुलगाही पुढं १९६७ साली, वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच गेला. सोलापूरच्या भय्या चौकातलं जन्मघर आज स्मारक आहे आणि चीनहून पाहुणे आले की तिथं हार घालतात. त्या कुटुंबाचा माहितीपट व्हावा तसा झालेला नाही.

माहितीपटाच्या वाटेवर मराठी माणसाला आधी आनंद पटवर्धन भेटतात. माँट्रियलला शिकत असताना त्यांना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेतमजूर दिसले, आणि जिम मन्रो यांच्यासोबत १९८१ साली त्यांनी ‘अ टाइम टू राइज’ केला. ब्रिटिश कोलंबियातल्या बेरीच्या आणि भाजीच्या शेतांत राबणारे पंजाबी आणि चिनी स्थलांतरित संघटना बांधतात, त्याची ही कहाणी. मग १९८५चा ‘हमारा शहर’: मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, आणि ज्यांनी हे शहर बांधलं त्यांनाच शहर बाहेरचे म्हणतं. दोन्ही चित्रपट आजही टोचतात. तरी त्यांत कुटुंब दिसतं ते मोर्चात किंवा बुलडोझरसमोर. संध्याकाळी स्वयंपाक होत असताना ते घर कसं होतं, हे त्या चित्रपटांचं काम नव्हतं, आणि तसं ते नसल्याचा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही.

त्याच पटवर्धनांनी चाळीसेक वर्षांनंतर स्वतःच्या घराकडे कॅमेरा वळवला. ‘वसुधैव कुटुंबकम्’ २०२३ साली टोरँटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. वडील बाळू, अहमदनगरच्या पटवर्धनांपैकी. थोरले भाऊ रावसाहेब आणि अच्युतराव स्वातंत्र्यलढ्यात गाजलेले. आई निर्मला, नामांकित कुंभकार, चिनी मातीच्या झिलईवर काम करणाऱ्या आणि त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या. त्या सिंधमधल्या हैदराबादच्या. त्यांचे वडील भाई प्रताप यांनी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कच्छमध्ये गांधीधाम वसवलं. म्हणजे मराठी घरातली आई ही निर्वासित घराण्यातली, आणि तिच्या बापानं हजारो बेघरांसाठी आख्खं गाव उभारलेलं. एखाद्या कादंबरीकारानं हे रचलं असतं तर अतिच झालं म्हटलं असतं. पटवर्धनांनी म्हाताऱ्या आई-वडिलांना घरातल्या घरात, काही चित्रपट करायचा म्हणून नव्हे तर सहज, टिपून ठेवलं होतं. बाळूकाकांची खवचट थट्टा, निर्मलाबाईंचं एकेका प्रश्नाला दिलेलं तुटक उत्तर, मधूनच थकणं. मोठा इतिहास या बोलण्यात येतो तो कुणी विचारला म्हणून येतो, आणि उत्तर देऊन झालं की दोघं पुन्हा चहाकडे वळतात. माझ्या मते पटवर्धनांचा हा सर्वांत मऊ चित्रपट आहे आणि स्थलांतराविषयी सर्वांत जास्त सांगणाराही हाच. एकाच घरात एक मूळ गाव शाबूत असलेला आणि एक मूळ गाव सरहद्दीपलीकडे गेलेली, अशी दोन माणसं पन्नासावर वर्षं एकमेकांची होऊन राहिली. त्याचा पुरावा कुठल्याही दाखल्यात मिळणार नाही.

याच्या उलट टोकाला मूळ शोधणाऱ्या चित्रपटांची परंपरा आहे आणि ती जगभर जोरात आहे. तिचं आपल्याशी नातं जोडणारं उदाहरण म्हणजे सादिया शेपर्ड यांचा २००८चा ‘इन सर्च ऑफ द बेने इस्राएल’. आजी मुंबईची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मुसलमानाशी लग्न करून कराचीला गेली. नात अमेरिकेत वाढली, वडील ख्रिस्ती. आजीला दिलेल्या शब्दाखातर नात कोकणात येते. जुनी सिनॅगॉग, घाणे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली गेलेली माणसं, आणि गावांच्या नावांवरून पडलेली आडनावं. मन लावून केलेलं काम आहे. तरीही अशा चित्रपटांत ठरलेल्या जागा फार लवकर येतात: आगगाडीची खिडकी, बंद वाडा, आडनाव ऐकून डोळे विस्फारणारा म्हातारा. पाहुणी परत जाते. म्हातारा तिथंच असतो, आणि त्याचं उद्याचं काय हे चित्रपटाबाहेर राहतं.

जोनास पारिएंत आणि मातियास मांजँ या दोघा फ्रेंच दिग्दर्शकांनी २०१०च्या ‘नेक्स्ट इयर इन बॉम्बे’मध्ये नेमकं ते उद्याचं धरलं. इस्राएलमध्ये शिकून मुंबईला परतलेलं, समाजाच्या मुलांना धर्माचं शिक्षण देणारं एक जोडपं आहे. स्वतःच्या मुली मोठ्या होऊ लागल्यात. इथं राहावं की तिकडं जावं? सगळे गेले तर इथल्यांना शिकवणार कोण? आणि राहिलो तर मुलींच्या वाट्याला काय? प्रश्न साधा आहे आणि तो पूर्वजांचा नाही. तिकडं गेलेल्यांचीही गोष्ट काही सरळ नव्हती. १९६२ साली इस्राएलच्या धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या घराण्याची चौकशी करण्याचा आदेश काढला. आईकडून किती पिढ्या यहुदी, हे दाखवा. लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरली, आणि १९६४मध्ये धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं. रायगडातून गेलेल्या मराठी घरांना जेरुसलेममध्ये जे विचारलं गेलं, त्याची जातकुळी सोलापूरच्या दाखला खिडकीवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचीच. तिकडचे मराठी ज्यू ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवतात हे आपण कौतुकानं सांगतो. त्या घरांत तिसऱ्या पिढीचं कोण काय बोलतं, हे दाखवणारा मराठी माहितीपट मात्र अजून व्हायचा आहे.

स्थलांतरितांच्या गाण्यातून त्यांच्या घरात शिरण्याची वाट सुरभी शर्मा यांनी ‘बिदेसिया इन बंबई’मध्ये २०१३ साली काढली. मुंबईतले भोजपुरी टॅक्सीवाले, मजूर, गायक, मोबाइलवरची गाणी, रात्रीचे कार्यक्रम. गावाकडच्या बायकोला उद्देशून शहरात गायलेलं गाणं गावी पोचतं आणि तिकडून पुन्हा शहरात येतं. ज्या वर्षांत या माणसांना मुंबईत मारहाण होत होती त्याच काळातलं हे काम आहे, आणि मारहाणीपेक्षा त्यांच्या गाण्याला त्यात जास्त जागा आहे. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आता फिलिपिन्सकडे. बेबी रूथ विलारामा यांचा ‘संडे ब्यूटी क्वीन’ हा २०१६चा माहितीपट मनिलाच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला, तोही कथापटांना मागे टाकून. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांना मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे आणि आठवड्यातून एक दिवस सुटी. त्या रविवारी त्या सौंदर्यस्पर्धा भरवतात. झगे, मुकुट, टाळ्या, आणि रात्री ठरल्या वेळी परत भांडी घासायला. चित्रपट त्यांची कीव करत नाही. पण त्यातलं कुटुंब फोनच्या पलीकडचं आहे.

त्याहून अवघड, आणि माझ्या लेखी जास्त शिकवणारं काम मिको रेवेरेझा यांचं. १९८८ साली मनिलात जन्म, लहानपणीच आई-वडिलांबरोबर अमेरिकेत, आणि मग पंचवीसवर वर्षं कागदपत्रांविना. त्यांचा २०१९चा ‘नो डेटा प्लॅन’ लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या आगगाडीतच घडतो. विमानानं जायचं तर ओळखपत्र लागतं. खिडकी, मोकळ्या बाकांच्या रांगा, डब्यातल्या लोकांचे तुटक संवाद, आणि सरहद्द पोलीस गाडीत चढतात तेव्हा थबकलेला कॅमेरा. चेहरे जवळजवळ नाहीतच. सुरुवातीलाच कळतं की आईकडे दोन फोन नंबर आहेत आणि कागदपत्रांविषयी एका नंबरावर कधीच बोलायचं नाही. घराची सगळी भीती त्या दोन नंबरांत आहे. आईला समोर बसवून रडवायची गरज पडत नाही. रेवेरेझांनी पुढं अमेरिका सोडली. वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहून बाहेर पडणाऱ्याला तिथं दहा वर्षं परत येता येत नाही. तो निर्णय ‘डिस्टन्सिंग’मध्ये आहे आणि त्यानंतरचं भटकणं २०२३च्या ‘नोव्हेअर निअर’मध्ये. म्हणजे एकाच घराचा पाठलाग करणारी ही चित्रपटांची मालिकाच झाली, आणि करणारा त्या घरातलाच. ज्याच्याकडे स्वतःचा दाखला नाही त्याचं चित्रण करणं म्हणजे त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करणंही ठरू शकतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आपल्याकडे या जाणिवेचं मूळ जुनं आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, वसाहतीतली माणसं विमुक्त ठरली, नोंदवह्या मात्र दुसऱ्या आल्या. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि सोलापुरात विमुक्त जातीत. सोयरीक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात झाली की एकाच घरात दोन प्रवर्ग. अशा लोकांना सरकारी कॅमेऱ्यानंही पाहिलं ते समाज म्हणून, नमुना म्हणून. माणूस म्हणून पाहायला त्यांच्यातलाच कुणीतरी यावा लागला.

तो करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून आला. नागराज मंजुळे वडार समाजातले. दगड फोडणारा, मुळात तेलुगू वळणाची बोली बोलणारा, गावोगाव फिरत आलेला हा समाज. ‘पिस्तुल्या’ या २००९च्या लघुपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३चा ‘फँड्री’ कथापट आहे, माहितीपट नाही. तरी या आढाव्यात त्याला वगळलं तर आढावा लंगडा होईल. गावाबाहेरचं कैकाडी घर, घरात कैकाडी बोलणारे आई-बाप आणि शाळेतल्या मुलीसमोर त्या बोलीपासून दूर पळू पाहणारा जब्या. घराण्याचा इतिहास कुणी सांगत नाही, कुठून आलो हे कुणी विचारत नाही. गावाला फक्त डुकरं धरायला ही माणसं हवी आहेत, आणि तेवढ्यात सगळं कळतं. मंजुळ्यांनी किशोर कदम यांच्यासारख्या मुरलेल्या नटासमोर सोमनाथ अवघडे हा कधीच कॅमेऱ्यासमोर न उभा राहिलेला मुलगा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरची लाज ही अभिनयाच्या शिकवणीतून आलेली नाही.

‘सैराट’विषयी इतकं लिहून झालंय की आणखी कशाला, असं वाटेल. पण त्याचा उत्तरार्ध स्थलांतराचा चित्रपट म्हणून फारसा कुणी पाहिलेला नाही. करमाळ्याची दोन पोरं पळून हैदराबादला जातात. आजूबाजूला तेलुगू, आर्चीला आधी अक्षर कळत नाही, मग कारखान्यात काम, शेजार, भांडण, संशय, मग हळूहळू तीच तेलुगू बोलू लागते. खोली घराचं रूप घेते, स्कूटर येते, पोर होतं. ज्या दिशेनं दीडशे वर्षांपूर्वी विणकर सोलापूरला आले त्याच्या उलट दिशेनं हे जोडपं गेलं, आणि आल्यावर पुढं काय करावं लागतं हे मंजुळ्यांनी गाण्यांचा मोह टाळून, सावकाश दाखवलं. प्रेक्षक तेव्हा थिएटरात चुळबुळत होते. ‘झिंगाट’ संपलं होतं ना! तो संथपणाच त्या चित्रपटाचा गाभा आहे असं मी म्हणेन. शेवटी मूळ गावच त्यांच्या दारात येऊन उभं राहतं, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

सोलापूर जिल्ह्याचाच दुसरा दिग्दर्शक, अक्षय इंडीकर. ‘त्रिज्या’त गावाकडून पुण्यात आलेला, पत्रकारी करणारा कवी आहे. ‘स्थलपुराण’ २०२० साली बर्लिनला दाखवला गेला. वडील नाहीसे झाल्यावर पुण्याहून कोकणात आजोळी आणलेला आठ वर्षांचा दिघू त्यात रोजनिशी लिहितो. इथं स्थलांतर राज्य ओलांडत नाही, भाषाही बदलत नाही, तरी मुलाला नवी जागा परकी आहे. इंडीकर आवाजावर इतकी मेहनत घेतात की पाऊस आणि समुद्र पात्रांसारखे ऐकू येतात. कधीकधी दृश्यांचं सौंदर्य माणसांपुढे उभं राहतं आणि घर मागे पडतं. ही त्यांची मर्यादा मला जाणवते.

एवढं सगळं मांडल्यावर मोकळी राहिलेली जागा ठळक दिसते. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, पाडापाडीची वेळ, मूळ शोधायला परतण्याची वेळ: कॅमेरा या चार वेळी हजर असतो. मधली साठ-सत्तर वर्षं, जेव्हा कुटुंब नुसतं राहत असतं, ती रिकामी. सोलापूरच्या पूर्व भागातली तिसरी-चौथी पिढी, होटगीतली कन्नड-मराठी घरं, कारखान्यांच्या आणि वीजप्रकल्पाच्या ठेकेदारांबरोबर परराज्यांतून आलेले आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, यांच्यावर कुणी लांब पल्ल्याचं काम केलेलं नाही. लेखनात ती जागा काही प्रमाणात भरली गेली. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी ‘एका साळियाने’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं आणि तेलुगू-मराठी देवघेव आयुष्यभर केली. पडद्यावर तसं कुणी नाही.

कारणं गूढ नाहीत. सरकारची फिल्म्स डिव्हिजन होती तेव्हा तिला देशाचं चित्र हवं होतं, घराचं नव्हे. आता ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. २०००च्या सुमारास सुरू झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टनं (पीएसबीटी) अनेकांना थोडेथोडे पैसे दिले, पण त्या पैशांत एखाद्या घरात चार वर्षं जाता-येता येत नाही. परदेशी निधीला संघर्ष लागतो, आणि सुखानं रुळलेल्या तेलुगू घरात संघर्ष शोधावा लागतो. शिवाय विड्या वळणाऱ्या बाईचा वेळ हा मोजलेला असतो. रोजची हजार विडी व्हायची तर दिवस त्यातच जातो. दिग्दर्शकानं ‘पुन्हा एकदा म्हणा’ म्हटलं की तिची मजुरी बुडते. त्या बुडालेल्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात करणारे माहितीपटवाले विरळाच.

पण एक साठा पडून आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोलापुरात लग्नाचं ‘शूटिंग’ करणारे स्टुडिओ निघाले. विणकर घर असो की लिंगायत, ऐपत असेल त्यानं व्हीएचएसवर कॅसेट करून घेतलीच. साऱ्या माहितीपटकारांनी मिळून स्थलांतरित घरांचं जितकं चित्रण केलं त्याहून जास्त तास या शूटिंगवाल्यांच्या पदरी असतील. तेलुगू रीत झाली की मराठी मंगलाष्टका, करीमनगरहून आलेले पाहुणे एका रांगेत आणि मिलमधले सोबती दुसऱ्या, पंगतीत वाढणाऱ्याला आज्जीनं तेलुगूत दिलेली शिवी आणि नातवाला मराठीत मारलेली हाक, सगळं त्यात आहे. शूटिंगवाल्याला कुठलीच भूमिका मांडायची नव्हती, त्याला फक्त सगळे नातेवाईक यायला हवे होते. म्हणून तर त्या फिती खऱ्या.

त्यांचा चित्रपट करायचा तर संमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जात पडताळणीचं प्रकरण सुरू असलेलं एखादं घर असेल. कॅसेटमध्ये काका ‘आम्ही अमुक साली आलो’ असं सहज बोलून गेलेले असतील, आणि फाइलीत दुसरं साल असेल. रेवेरेझांनी आईचा चेहरा का टाळला, हे सोलापुरातल्या दिग्दर्शकाला अशा ठिकाणी कळेल. प्रकरण निकाली निघेपर्यंत थांबावं लागेल, काही नावं गाळावी लागतील, काही फिती घरीच राहू द्याव्या लागतील.

इथल्या विद्यापीठात पत्रकारिता-जनसंज्ञापनाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात. विषय शोधायला त्यांना मुंबईकडे पाहावं लागू नये. व्हीएचएस फितीवर बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो, आणि ती चालवणारी यंत्रं दुरुस्त करणारे कारागीरही आता म्हातारे झालेत. ज्या स्टुडिओंनी मूळ फिती जपल्या त्यांतले कित्येक बंद पडले, उरलेल्यांनी जागेसाठी खोकी रद्दीत काढायला सुरुवात केली आहे. पहिलं काम म्हणून घरोघरी जाऊन कॅसेट मागायची, ती उतरवून घ्यायची, एक प्रत त्या घराला द्यायची आणि कुणाचं काय वापरायचं हे त्या घरालाच ठरवू द्यायचं. दिग्दर्शक नंतर आला तरी चालेल.